मेल जात होते, येत नव्हते: केळी निर्यातदाराच्या ऑफिसातलं एक प्रकरण

हे प्रकरण सावदा–रावेर पट्ट्यातल्या एका केळी निर्यातदाराच्या ऑफिसात घडलं. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसाच ठेवला आहे. मी भुसावळहून या भागातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो आणि या प्रकरणात मला तिसऱ्या दिवशी बोलावलं गेलं.

पार्श्वभूमी

खाली पॅकहाउस आणि वर ऑफिस. बागेतून घड येतात, फण्या सुट्या होतात, धुऊन-निवडून बॉक्समध्ये भरल्या जातात, शीतकक्षात थंड होतात आणि चाळीस फुटी रीफर (आतून थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून न्हावा शेव्याकडे निघतात. एका कंटेनरमध्ये साधारण वीस टन माल बसतो आणि तो आखाती देशांत जातो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. निर्यातीचे कागद ज्या बघतात त्यांना सगळे ताई म्हणतात. कॉम्प्युटरचं जे काही असेल ते अण्णांच्या पुतण्याकडे, कारण तो शिकलेला आहे, एवढंच.

या धंद्यात बहुतेक गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात. बागेचे फोटो, भाव, कटाईची टोळी, गाडी कुठवर पोचली, सगळं. मेलवर येतं ते मोजकंच, पण ते अडलं की कंटेनर अडतो. शिपिंग लाइनकडून बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर चढलेल्या मालाच्या पावतीचा) ड्राफ्ट, कस्टम एजंटकडून शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), खरेदीदाराकडून कन्साइनीचं (पलीकडे माल घेणाऱ्याचं) नाव-पत्ता आणि बॉक्सवरच्या लेबलच्या सूचना, बँकेचे कागद. ड्राफ्टला वेळेत ‘ओके’ गेलं नाही तर नंतरच्या दुरुस्तीला पैसे पडतात. कागद अडकले तर १३-१४ अंशांवर जपून नेलेली केळी पलीकडच्या बंदरात ताटकळतात, आणि केळीला ताटकळणं परवडत नाही.

ऑफिसचा मेल कुठल्या कंपनीकडे नव्हता. खालच्या स्टोअररूममध्ये रिकाम्या बॉक्सच्या थप्पीमागे एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर धूळ बसलेलं कापड आणि कापडावर पिनेने लावलेला कागद: ‘हा कॉम्प्युटर बंद करू नये.’ त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम. आठ-दहा वर्षांपूर्वी जळगावला इंजिनीअरिंग करणाऱ्या ओळखीतल्या एका मुलाने तो बसवून दिला होता. तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. त्या वेळी मेलबॉक्समागे दरमहा पैसे भरण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं, आणि जुन्या नेटवाल्याने स्थिर आयपी पत्ता (नेटवरचा न बदलणारा क्रमांक) जवळजवळ फुकटात दिला होता. काम नीट केलेलं होतं, हे मुद्दाम सांगतो. बाहेर जाणारे मेल थेट न सोडता वेबसाइटच्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरमार्फत, ५८७ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर दिलेलं दार) जातील अशी सोय त्याने केली होती. पुढे सगळ्यांचा गोंधळ उडाला तो याच सोयीमुळे.

नेट बदलण्याचं कारण साधं होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की जुनी लाइन दिवस-दिवस बंद पडायची, आणि जुना नेटवाला फोन उचलायचा नाही. नव्या कंपनीची फायबर लाइन दारापर्यंत आली होती, वेग जास्त, भाडं कमी. शनिवारी दुपारी नवी लाइन सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी जुन्या नेटवाल्याचा डबा परत करून टाकला, म्हणजे पुढच्या महिन्याचं भाडं लागायला नको.

नवी लाइन जोडायला आलेला मुलगा कामाचा पक्का होता. प्रिंटर आणि टॅली अडू नये म्हणून त्याने नव्या राउटरवर आतले पत्ते जुन्यासारखेच ठेवले, जुन्या राउटरमधल्या नावांच्या नोंदीही (कुठलं नाव आतल्या कुठल्या कॉम्प्युटरचं) उतरवून घेतल्या. संध्याकाळी अण्णांनी घरून पॅकहाउसचे कॅमेरे बघायचा प्रयत्न केला तर ते दिसेनात. रविवारी सकाळी तो मुलगा परत आला, डीव्हीआरवरचा (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवरचा) क्यूआर कोड अण्णांच्या फोनने स्कॅन केला, अ‍ॅप जोडलं, कॅमेरे दिसू लागले. ते बंद का पडले होते, हे कोणी विचारलं नाही.

अडचण

मंगळवारी सकाळी कस्टम एजंटचा मुंबईहून फोन आला: बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट पाठवून दोन दिवस होत आले, ओके कुठे आहे? बुधवार संध्याकाळपर्यंत तो मंजूर व्हायला हवा होता. ताईंनी इनबॉक्स पाहिला. शनिवार दुपारनंतर बाहेरचा एकही मेल नव्हता. रविवार सुटीचा, सोमवारी कटाईची गडबड आणि बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण बिघाड दाखवणारं काहीच नव्हतं. ताईंनी एजंटला मेल केला, तो लगेच पोचला. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसांना केला, तोही पोचला. आउटलुकमध्ये सेंड-रिसीव्ह दाबलं की हिरवी पट्टी पूर्ण व्हायची, एकही एरर नाही. पुतण्याने स्वतःच्या जीमेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर मेल टाकला. तो आला नाही, पण परतही आला नाही.

अण्णांचा सवाल एकच होता, “मेल जातो ना भो, मग येत का नही?”

शोध

मी पोचण्याआधी गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने बरंच काही करून पाहिलं होतं. जंक फोल्डर, आउटलुकची दुरुस्ती, आउटलुकचे मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइलची तपासणी, अँटिव्हायरस बंद-चालू. शेवटी त्याने खालचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारू, असं सुचवलं. ताईंनी त्याला हात लावू दिला नाही. त्या कॉम्प्युटरवर सगळ्या जुन्या शिपमेंटचे मेल होते आणि बॅकअप नावापुरता होता. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय बहुधा तोच.

नव्या कंपनीच्या मुलाला फोन केला तेव्हा त्याने राउटरमध्ये बाहेरचे मेल ज्यातून आत येतात तो २५ नंबरचा पोर्ट त्या कॉम्प्युटरकडे वळवून दिला. उपाय चुकीचा नाही, पण इथे त्याचा उपयोग नव्हता. अर्धा दिवस त्यात गेला.

मला फोनवर सांगितलेल्या हकिकतीत दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या. एक, कॅमेरे नेट बदललं त्याच दिवशी बंद पडले होते. दोन, अण्णांच्या फोनवर ऑफिसचा मेल ऑफिसच्या वायफायवर उघडत होता, पण घरी मोबाइल डेटावर उघडत नव्हता. घरी रेंज नसते म्हणून असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. दोन्ही लक्षणं एकत्र ठेवली तर बाहेरून आत येण्याचा रस्ता बंद आहे, एवढं स्पष्ट होतं. आउटलुकचा काही दोष नव्हता. तो आतल्या जाळ्यातून आतल्याच सर्व्हरला विचारत होता आणि सर्व्हरकडे खरोखरच नवीन काही आलेलं नव्हतं.

ऑफिसात गेल्यावर पहिली तपासणी मुद्दाम ऑफिसच्या नेटवरून केली नाही. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि एनएसलूकअप या कमांडने त्यांच्या डोमेनची एमएक्स नोंद पाहिली. या डोमेनचे मेल कुठल्या यंत्रावर न्यायचे, हे जगभरचे सर्व्हर त्या नोंदीवरून ठरवतात. नोंदीत ‘मेल’ने सुरू होणारं नाव होतं आणि त्या नावामागे जुन्या नेटवाल्याचा आयपी पत्ता. दुकान नव्या रस्त्यावर गेलं होतं आणि पाटी जुन्या गल्लीतच लटकत होती. त्या पत्त्यावर २५ पोर्टला टेलनेटने थेट जोडून पाहिलं: बराच वेळ काहीच नाही, मग टाइमआउट.

मग राउटरचं पान उघडलं. वॅन आयपी (नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) समोर १००.७४ ने सुरू होणारा आकडा होता, आणि ब्राउझरमध्ये आपला आयपी दाखवणाऱ्या साइटवर १०३ ने सुरू होणारा वेगळाच. हे दोन आकडे जुळत नसतील तर पोर्ट कितीही वळवा, बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास यासाठी राखून ठेवला गेला. आशिया-पॅसिफिकसाठीचे आयपीव्ही४ पत्ते एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आले होते, म्हणून अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. साधं ब्राउझिंग, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप यांना त्याचा काही त्रास होत नाही, कारण त्यात सुरुवात आतून होते. दाराशी येऊन कडी वाजवणाऱ्या मेलला मात्र तिथे दारच सापडत नाही.

कारण कळलं. पण शनिवारपासून निघालेले मेल आता कुठे आहेत, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

इथे मेलच्या यंत्रणेचा एक गुण कामाला येतो. समोरचा सर्व्हर सापडला नाही किंवा उत्तर देत नसेल, तर पाठवणारा सर्व्हर मेल लगेच परत करत नाही. तो रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. २००८ च्या आरएफसी ५३२१ या मेलच्या नियमपत्रात हा प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात ज्याची त्याची सेटिंग वेगळी. पोस्टफिक्समध्ये मुळात पाच दिवस, मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये मुळात दोन दिवस. जीमेल मधेच पाठवणाऱ्याला कळवतं की डिलिव्हरी अपूर्ण आहे, अजून अमुक तास प्रयत्न करू. पुतण्याला तसा निरोप दुसऱ्या दिवशी आलाही. पोस्टफिक्स मात्र मुळात असा इशारा देत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं मेल गेला.

म्हणजे मंगळवारी दुपारी परिस्थिती अशी होती: काही मेल आधीच परत गेले असणार, बरेचसे जगभरच्या रांगांमध्ये उभे होते, आणि गुरुवार संध्याकाळपासून त्यातले पाच दिवसवालेही गळायला लागणार होते. मी अण्णांना सांगितलं, दुरुस्ती सुबक नसली तरी चालेल, पण उद्या सकाळच्या आत झाली पाहिजे.

समोरचे पर्याय

नव्या कंपनीकडून स्थिर आयपी घेणं हा पुतण्याचा पहिला विचार. मिळतो, पण प्लॅन बदलावा लागतो, कागद द्यावे लागतात, आणि किती दिवसांत मिळेल याचं नक्की उत्तर फोनवर कोणी दिलं नाही. मिळाल्यावर २५ पोर्ट उघडा असेल का, हा आणखी वेगळा प्रश्न.

दुसरा पर्याय जुनी लाइन पुन्हा जोडून घेण्याचा. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वात सोपा: जुना पत्ता परत आला की कुठलीही नोंद न बदलता मेल वाहू लागले असते. जुना नेटवाला तयार होता, पण तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागत होता आणि माणूस ‘उद्या-परवा’ पाठवणार होता. पैशांपेक्षा ‘उद्या-परवा’ जास्त खटकलं. शिवाय अण्णांचं आणि त्याचं बिलावरून वाजलं होतं. धंद्याच्या निर्णयात असल्या गोष्टी मोजू नयेत म्हणतात, पण गावात त्या मोजल्या जातात.

असं वाट बघत बसण्यात एक धोकाही होता, तो त्या वेळी फक्त मला दिसत होता. जुना पत्ता अजून रिकामा होता, म्हणून पाठवणाऱ्यांना टाइमआउट मिळत होता आणि मेल रांगेत टिकून होते. तो पत्ता दुसऱ्या कोणाला दिला गेला आणि त्याच्याकडेही मेल सर्व्हर असला, तर तो ‘हा पत्ता आमच्याकडे नाही’ म्हणून पाचशेच्या मालिकेतलं उत्तर देणार. ते कायमचं नकाराचं उत्तर. मग रांगेतले मेल त्याच क्षणी परत.

तिसरा पर्याय म्हणजे मेल घरात आणणंच सोडायचं आणि एमएक्स नोंद वेबसाइटच्या होस्टिंगकडे वळवायची. होस्टिंगचं वर्षाचं भाडं भरलेलंच होतं, त्यात मेलबॉक्सही येत होते, कोणी वापरत नव्हतं एवढंच. चौथा, कायमचा पर्याय मेलबॉक्समागे भाडं घेणाऱ्या मोठ्या सेवेचा. तो बरोबर होता, पण ऐन माल निघायच्या दिवसांत जुने मेल, सहा कॉम्प्युटर, चार फोन हे सगळं एका रात्रीत हलवणं म्हणजे नवं संकट ओढवून घेणं.

तिसरा आज, चौथा सीझन संपल्यावर, असं ठरलं. आणि लगेच अडलं.

डोमेन आणि होस्टिंग एकाच पॅनेलमध्ये होतं, पण पॅनेलचा पासवर्ड ऑफिसात कोणाकडे नव्हता. ‘पासवर्ड विसरलात’ दाबलं तर दुवा जाणार ऑफिसच्याच इन्फो पत्त्यावर, जिथे मेल येत नव्हता. छोट्या ऑफिसांमध्ये हा तिढा हमखास सापडतो. खातं वाचवायचा पत्ता त्याच खात्याच्या आधारावर उभा असतो. पुण्याच्या मुलाला अण्णांनी स्वतः फोन लावला, “बेटा, तुझी फार आठवण आली.” तो ड्युटीवर होता, संध्याकाळी घरी जाऊन जुनी वही बघतो म्हणाला.

काय केलं

संध्याकाळपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नव्हतं. ड्राफ्ट तर लगेच हवा होता. सगळ्यांना एका नव्या जीमेल पत्त्यावर कागद पाठवायला सांगू, असं पुतण्या म्हणाला. ताईंनी अडवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. निर्यातीच्या धंद्यात ‘आमचा मेल बदलला आहे, आता इथे पाठवा’ असा फुकट पत्त्यावरून आलेला मेल म्हणजे फसवणुकीचा ठरलेला पहिला अंक. दुसऱ्या अंकात बँक खातं बदलतं. खरेदीदार एकतर विश्वास ठेवणार नाही, किंवा यापुढे अशा कुठल्याही मेलवर ठेवेल. दोन्ही वाईट.

मग चालू असलेली अर्धी बाजू वापरली. बाहेर जाणारे मेल नेहमीच्या पत्त्यावरूनच निघत होते. ताईंनी त्याच पत्त्यावरून सगळ्यांना लिहिलं, ‘रिप्लाय-टू’मध्ये तात्पुरता पत्ता घातला, शनिवारनंतरचे कागद पुन्हा पाठवायला सांगितले आणि शेवटी एक ओळ ठळक टाकली: आमचं बँक खातं बदललेलं नाही, बदलाचा कुठलाही निरोप आला तर आधी फोन करा. त्याआधी प्रत्येक खरेदीदाराला आणि एजंटला ओळखीच्या आवाजात फोनही केला. तासाभरात ड्राफ्ट तात्पुरत्या पत्त्यावर आला. मंगळवारी रात्रीच त्याला ओके गेलं.

पासवर्ड संध्याकाळी उशिरा मिळाला. इथे कामांचा क्रम फार महत्त्वाचा होता. घाईत कोणीही आधी एमएक्स बदलेल. पण नोंद बदलली आणि होस्टिंगवर मेलबॉक्स तयार नसतील, तर रांगेतले मेल तिथे पोचून ‘असा कोणी नाही’ ऐकून कायमचे परत जातील. इतका वेळ बिघाडानेच सांभाळून ठेवलेले मेल दुरुस्तीने घालवायचे, असा प्रकार झाला असता.

म्हणून आधी मेलबॉक्स. नावांची यादी ताईंच्या तोंडून घेतली: सहा. मग खालच्या कॉम्प्युटरवरच्या यादीशी ताडून पाहिली तर नऊ निघाली. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या नावाचा पत्ता बँकेत आणि जीएसटी पोर्टलवर अजून तोच होता. आणखी कुठलं नाव सुटलं असेल तर म्हणून काही दिवसांपुरतं, कुठल्याही नावाने आलेला मेल इन्फोच्या खात्यात पडेल अशी सोय केली. त्याने कचराही भरपूर येतो, पण चार दिवस कचरा निवडणं परवडतं. नंतर पॅनेलमधलं मेल राउटिंग ‘लोकल’ केलं, नाहीतर होस्टिंगचा सर्व्हर मेल घेऊन पुन्हा बाहेरच धाडतो. बाहेरच्या एका खात्यातून होस्टिंगच्या सर्व्हरवर थेट मेल उतरवून पाहिला. उतरल्यावर मगच एमएक्स बदलला.

जुन्या नोंदीची टीटीएल १४४०० सेकंद, म्हणजे चार तास होती. जगभरच्या सर्व्हरनी जुना पत्ता जास्तीत जास्त तेवढा वेळ लक्षात ठेवायचा. रात्री दहाच्या सुमारास बदल केला, म्हणजे मध्यरात्रीनंतर मार्ग मोकळा. सगळ्यांच्या आउटलुकमध्ये होस्टिंगचं खातं दुसरं खातं म्हणून जोडलं. जुनं तसंच ठेवलं, कारण जुने मेल त्यात होते. एक विचित्रपणा काही दिवस राहणार होता: ऑफिसातल्या ऑफिसात जुन्या खात्यातून पाठवलेला मेल खालच्याच कॉम्प्युटरवर जाऊन बसेल. त्यावर उपाय सोपा निघाला. टेबलाटेबलांत आठ फूट अंतर होतं, तेव्हा मेल न करता बोलायचं ठरलं.

काय झालं

पहाटेपासून मेल यायला लागले, पण ओळीने नाही. प्रत्येक मेलच्या पुढच्या प्रयत्नाची वेळ वेगळी असते आणि दर अपयशानंतर ती लांबत जाते, त्यामुळे सोमवारचा मेल रविवारच्या आधी येऊ शकतो. नेमकं तेच झालं. ड्राफ्टच्या दोन प्रती रांगेत होत्या. दुरुस्त प्रत सकाळी आली आणि आधीची, कन्साइनीच्या पत्त्यात चूक असलेली प्रत दुपारी. नवा मेल म्हणजे नवी प्रत, या सवयीने ताई त्याला उत्तर द्यायला निघाल्या होत्या. मेलवरची पाठवल्याची तारीख पाहिली म्हणून थांबल्या. त्यानंतर दोन दिवस आलेल्या मेलची छाननी येण्याच्या वेळेवर न करता पाठवल्याच्या वेळेवर केली.

कंटेनर ठरल्या जहाजावर गेला. सगळंच वाचलं मात्र नाही. एका खरेदीदाराच्या सर्व्हरने मेल आधीच परत केला होता. त्यात पुढच्या खेपेच्या बॉक्सवरचं लेबल बदलायची सूचना होती. परत आल्याचा निरोप त्याच्या ऑफिसात कोणी वाचला नाही. ताईंच्या फोनवर फक्त ड्राफ्टबद्दल बोलणं झालं, आणि जुन्या लेबलचे बॉक्स भरून झाल्यावर हे उघड झालं. थोडी सूट देऊन मिटलं. बँकेचे आणि सरकारी पोर्टलचे आपोआप निघणारे काही मेल गेले ते गेलेच. तिथे कोणी माणूस नसतो पुन्हा पाठवायला.

सीझन उतरल्यावर मेल भाड्याच्या सेवेवर हलवला. तेव्हा दोन जुन्या खुणा मुद्दाम पुसल्या. ‘मेल’ नावाची नोंद अजून जुन्या आयपीकडे बोट दाखवत होती आणि अण्णांचा फोन घरी गेला की त्याच पत्त्यावर लॉग-इन करायला धडपडत होता. तो पत्ता उद्या दुसऱ्याला मिळाला तर फोन त्याच्या दारात जाऊन आपलं नाव आणि पासवर्ड सांगायला तयार. नोंद काढली, सगळे पासवर्ड बदलले. एसपीएफ नोंदीतही जुना आयपी ‘आमच्या वतीने मेल पाठवायला परवानगी’ म्हणून बसला होता, तो काढला. या दोन गोष्टी राहिल्या तरी मेल बिनबोभाट चालतो, म्हणूनच त्या वर्षानुवर्षं राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारी संध्याकाळी डबा परत केला नसता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. जुनी लाइन महिनाभर चालू ठेवायला जे भाडं पडलं असतं, ते लेबलपायी दिलेल्या सवलतीपेक्षा कमी होतं. नवी लाइन आली की लोकांना दुहेरी भाडं डोळ्यांत खुपतं, ते समजतं. पण जुन्या लाइनवर नेटशिवाय आणखी काय चाललंय, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नसेल तर तो एक महिना तिच्यावर खर्च करावाच. बिलावर ‘स्टॅटिक आयपी’ अशी ओळ होती. तिच्यासमोर रक्कम किरकोळ होती म्हणून कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

कॅमेऱ्यांच्या वेळी एक संधी आली होती. क्यूआर कोडने काम झालं आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. नव्या कंपनीच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कॅमेरे लावायला बोलावलं होतं, त्याने लावले. पण त्या वेळी ‘बाहेरून आत येणारं आणखी काही आहे का’ एवढं पुतण्याला सुचलं असतं तर रविवारी सकाळीच सगळं उलगडलं असतं.

मला काही जणांनी विचारलं की दुय्यम एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) का नव्हता. असता तर मेल तिथे साठले असते, खरं आहे. तरी लहान ऑफिसला मी तो सुचवत नाही. त्याच्याकडे कोणी बघत नाही, कचरा पाठवणारे नेमके तिथूनच शिरतात, आणि तो आहे या भरवशावर मुख्य सर्व्हर बंद असल्याचं आणखी उशिरा कळतं. पाठवणाऱ्याची रांग हीच फुकटची राखण आहे. ती वेळेत ओळखली तर पुरते.

जुनी लाइन परत न जोडण्याचा निर्णय मात्र वादाचा आहे. तिथे माणूस त्याच दिवशी येणार असता तर मी तोच पर्याय घ्यायला सांगितला असता, तीन महिन्यांचं भाडं गेलं तरी. त्यात नोंदी बदलण्याची जोखीम नव्हती आणि पुण्याच्या वहीवर अवलंबून राहावं लागलं नसतं. वही सापडली नसती तर कंपनीचे कागद देऊन खात्याचा ताबा मिळवायला किती दिवस गेले असते, सांगता येत नाही. आता डोमेनचं खातं अण्णांच्या नावावर आणि मोबाइलवर आहे, पासवर्ड परत मिळवायचा पत्ता दुसऱ्या सेवेवरचा आहे, आणि पॅनेलचा पासवर्ड ताईंच्या कपाटात बंद पाकिटात आहे.

पुतण्याचं म्हणणं अजूनही असं की स्थिर आयपी घेऊन खालचा कॉम्प्युटरच चालू ठेवला असता तर दर महिन्याचं मेलबॉक्सचं भाडं वाचलं असतं. त्याचा हिशेब त्याने कागदावर मांडून दाखवला. त्यात वीज धरली आहे, यूपीएसची बॅटरी धरली आहे. त्या कॉम्प्युटरची देखभाल कोण करणार, याचा रकाना नाही. अण्णांनी कागद ताईंकडे दिला, ताईंनी भाड्याचं बिल वर्षभरासाठी भरून टाकलं.